गणितात न थांबणारी म्हैस
पेट्रोलचा वास नाकात गेला की मला नव्वदच्या दशकातला कोल्हापूरचा दिवाळी पाडवा आठवतो. त्या दिवशी आमच्याकडं म्हशींची शिंगं रंगवून, गळ्यात कवड्यांच्या माळा घालून त्यांना मालकाच्या गाडीमागं पळवतात. मी नववीत होते आणि संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, हे नुकतंच पाठ झालं होतं. सायलेन्सरची पुंगळी काढलेली मोटरसायकल कानठळ्या बसवत निघाली. पुढं माझे वडील, त्यांना घट्ट धरून मी, आणि मागून सुसाट आमची म्हैस. भर गर्दीत गाडी अचानक बंद पडली. मी मागं बघितलं आणि ओरडले, “आबा, एवढं वजन एकदम थांबत न्हाय!” वडील मान न वळवता म्हणाले, “गप बस की. थांबती ती.” चारही खूर रस्त्यावर करकरत घासत आले आणि तिचं ओलं नाक माझ्या पाठीला नुसतं टेकलं. लोकांनी शिट्ट्या मारल्या. वडिलांचा पाय मात्र किकवरून दोनदा घसरला. आता मी शाळेत विज्ञान शिकवते. दरवर्षी फळ्यावर त्याच म्हशीचं गणित घालते आणि दरवर्षी पोरं उत्तर काढून सांगतात, “बाई, एवढ्या अंतरात म्हैस थांबणार न्हाय.”