कणकेवरची बोटं

माझा खांदा आखडला, तेव्हा मी घरात इतका कण्हत असे की बायकोने शेवटी रेडिओचा आवाज वाढवला. फिजिओथेरपीला गेलो, तर शेजारच्या खुर्चीवर कुसुममावशी. अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात लुळा पडलेला. डॉक्टरीणबाईंनी दाबायला दिलेला रबरी चेंडू बाजूला सारून त्यांनी डब्यातून कणकेचा गोळा काढला.

“अहो, चेंडू दाबून कुणाचं पोट भरतं? ही कणीक सून घरी लाटते. हात धुऊनच बसते हं मी!”

महिनाभर त्यांचा तळवा गोळ्यावर नुसताच टेकलेला असायचा. बोटं काही हलत नसत. तरी डबा रोज यायचा. दुखण्याला अर्थ असतो का, मला ठाऊक नाही. माझ्या दुखण्याला तर नुसता आवाज होता. मावशींनी मात्र आपल्या दुखण्याला घरकामाला लावलं होतं.

काल त्यांनी गोळा माझ्यापुढे धरला. त्यावर चार बोटांचे ठसे होते, आणि अंगठ्याचा अगदी पुसट.

“बघा भाऊ, आली बोटं!”

टाळी वाजवायला मी हात उचलला. खांद्यातून कळ गेली, पण कण्हायचं राहूनच गेलं.

मावशींनी गोळा अलगद डब्यात ठेवला. “आज सुनेला सांगते, आधी आमच्या ह्यांना दाखव, मग लाट.”