बोट ठेवून वाचा

बावीस वर्षांपूर्वी, मार्चमधल्या एका रविवारी, निपाणीजवळच्या एका गावात सुशीलाक्काची साक्षरता चाचणी झाली. आज तंबाखूच्या वखारीवरून जाताना तो उग्र, ओलसर वास आला आणि चाचणीची ती खोली आठवली.

मी तिथे विडी कामगार बायकांच्या साक्षरता वर्गाला शिकवत होतो. आक्का विड्या वळायची. उत्तीर्ण झाली तरच तिला अंगणवाडीत मदतनीस म्हणून अर्ज करता येणार होता. बायकांचे हात मांडीवरच्या सुपात गुंतलेले असत, म्हणून पुस्तक मीच मोठ्याने वाचायचो आणि त्या मागून म्हणायच्या. दोन महिन्यांत आक्का घडाघडा म्हणू लागली. प्रगतीच्या वहीत मी तिच्या नावापुढे ‘उत्तम’ लिहिलं.

चाचणीत परीक्षकांनी त्याच पुस्तकातलं एक पान उघडून दिलं. आक्का कुठेही न अडखळता म्हणत गेली. तिची नजर मात्र खिडकीबाहेर होती.

“आक्का, बोट ठेवून वाचा,” परीक्षक म्हणाले.

तिचा आवाज शेवटच्या ओळीवर पोचला तेव्हा बोट वरून दुसऱ्या ओळीवर होतं.

“बोट लई हळू चालतंय बघा, सर,” ती हसली. मग माझ्याकडे वळली. “बरोबर म्हटलं न्हवं, मास्तर?”

“व्हय, आक्का,” मी म्हणालो. एकही शब्द चुकला नव्हता.

परीक्षकांनी ‘फेरचाचणी’ असा शेरा लिहिला.

दुसऱ्या दिवसापासून सुपं बाजूला ठेवून वर्ग भरू लागला. सहा महिन्यांनी आक्काने अनोळखी उतारा बोट ठेवून वाचला, तीनदा अडखळली आणि उत्तीर्ण झाली. अंगणवाडीत तोवर दुसरी बाई रुजू झाली होती.