रावेतचा जोडीचा डाव

काळेवाडीत एका हार्डवेअरच्या दुकानावर पूल पार्लर होतं. तीन टेबलं, दोन पंखे आणि रस्त्याकडच्या खिडकीला जाळी. आम्ही चौघं तिथं खेळायचो. आमचे कॅप्टन म्हणजे समोर गॅरेज चालवणारे भाई, पन्नाशीचे, काळेवाडीतच जन्मलेले. दुसरा मारुंजीला खोली घेऊन राहणारा, आयटी कंपनीत नोकरी करणारा. तिसरा मी. चौथा माझा मित्र, लातूरकडचा. चाकणच्या एका लहान कारखान्यात तो पॉवर प्रेस चालवायचा आणि मी तिथंच मेंटेनन्सला होतो.

त्याच्याइतकं चांगलं आमच्यात कुणी खेळत नव्हतं. आम्ही बॉल पॉकेटात गेला की खूश व्हायचो. त्याचं लक्ष स्टिकने मारायचा सफेद बॉल नंतर कुठं जाऊन थांबतो याच्यावर असायचं. टेबलाभोवती एक चक्कर मारायचा, वाकायचा आणि डावा हात कापडावर टेकवायचा. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधून स्टिक सरकायची ती पाण्यासारखी. एरवी बडबड्या माणूस, पण टेबलाशी एक शब्द बोलायचा नाही.

त्या वर्षी आसपासच्या आठ पार्लरांनी मिळून लीग काढली. पहिल्या दीड महिन्यात आम्ही एकच सामना हरलो, तोही माझा मित्र शिफ्टमुळे आला नव्हता म्हणून. भाई म्हणायचे, "बेटा, कप आणून गॅरेजच्या काउंटरवर ठेवायचाय. गिऱ्हाईक आधी कपाला सलाम करणार, मग गाडी दाखवणार."

त्याच सुमारास कारखान्यात ऑर्डर वाढली. पत्र्याला आकार देणारा आमचा प्रेस जुना होता. पत्र्याचा तुकडा आत ठेवायचा आणि दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबायची, तेव्हाच तो खाली येणार. म्हणजे हात आत राहायचा प्रश्नच नाही. पण त्यात वेळ जातो. सुपरवायझर मला म्हणाले, "डावं बटण दाबून बांधून टाक. टार्गेट कसं गाठणार नाहीतर?"

मी बांधलं. बटणावर लाकडाचा तुकडा ठेवला आणि वरून टेप गुंडाळली. पाच मिनिटांचं काम होतं. यात काय होऊ शकतं ते मला माहीत नव्हतं असं मी आजही म्हणू शकत नाही. मेंटेनन्सच्या माणसाला तेवढंच तर माहीत असतं.

नवव्या दिवशी सकाळच्या शिफ्टला मी शेडच्या दुसऱ्या टोकाला मोटर उघडून बसलो होतो. ओरडणं ऐकू आलं नाही. प्रेसचा ठोका थांबला, तेवढं कळलं. धावत गेलो तर तो मशीनला पाठ लावून खाली बसला होता. उजव्या हाताने डावं मनगट घट्ट धरलेलं. माझ्याकडे बघून म्हणाला, "पीस वाकडा बसला होता, राव." एवढंच.

त्याला टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं. मी पण चढायला निघालो तर सुपरवायझरनी माझा दंड धरला. "तू थांब. आधी ती टेप काढ."

मी टेप काढली. तिचा चिकटपणा राहिला होता तो थिनरने पुसला. दुसऱ्या दिवशी सरकारी साहेब आले, त्यांनी स्वतः दोन्ही बटणं दाबून बघितली. मशीन व्यवस्थित चाललं. मग एक कागद तयार झाला: दोन्ही बटणं चालू होती, कामगाराने डावं बटण कोपराने दाबून हात आत घातला. खाली मेंटेनन्सची सही लागत होती. ती मी केली.

त्याची पहिली दोन बोटं मुळापासून गेली आणि तिसऱ्याचं एक पेर. दवाखान्यात मी भेटायला जायचो, केळी घेऊन. त्याची बायको कॉटच्या पायथ्याशी बसलेली असायची, त्यातलंच एक मला सोलून द्यायची. एकदा म्हणाली, "भाऊजी, कंपनीतले म्हणतेत ह्यांचंच चुकलं. ह्यांचं ध्यान खेळाकडंच असतंय म्हणून असं झालं." मी खाली बघितलं. तो छताकडं बघत होता.

त्याच्याशिवाय आम्ही रडतखडत शेवटच्या चारांत पोचलो. सेमीफायनल रावेतला, रविवारी सकाळी. आदल्या दिवशी आम्ही तिघं सराव करत होतो, तेवढ्यात तो जिना चढून वर आला. अपघाताला दोन महिने झाले होते. हाताला पट्टी नव्हती. जखम भरली होती, पण कातडी अजून लालसर, चकाकणारी होती.

"उद्या मी खेळणार," तो म्हणाला.

भाईंनी स्टिकच्या टोकाला लावायचा खडू खाली ठेवला. "बेटा, अजून थोडं थांब. पुढच्या वर्षी खेळ. तुझ्या जागी मी माणूस सांगून ठेवलाय."

"खेळू द्या की, भाई. घरात बसून डोकं फिरायलंय माझं."

भाईंनी माझ्याकडं बघितलं. कदाचित मी नको म्हणेन अशी त्यांची अपेक्षा होती. मी म्हणालो, "खेळू दे त्याला." मला वाटलं, त्याच्यासाठी मी निदान एवढं तरी केलं.

रावेतचं पार्लर नव्या इमारतीत होतं. एसी, काचेचं दार, हिरव्याऐवजी निळं कापड. समोरची टीम चार तरुणांची, एकसारखे टी-शर्ट घातलेले. वागायला सभ्य होती पोरं. त्याचा हात बघितल्यावर ती हळू बोलायला लागली, आणि मला वाटतं त्याला तेच जास्त लागलं.

पाच डाव होते, चार एकेकट्याचे आणि पाचवा जोडीचा. भाई जिंकले. मारुंजीवाला हरला. मी कसाबसा जिंकलो. मग मित्र उठला.

लांबच्या बॉलसाठी पुढे खाचा असलेली एक काठी असते, तिला रेस्ट म्हणतात. ती टेबलावर ठेवायची आणि तिच्यावरून स्टिक सरकवायची. भाईंनी ती त्याच्यापुढं धरली. त्याने मान हलवली. डावा हात मुठीसारखा कापडावर ठेवला, अंगठा वर केला आणि त्याला लागून स्टिक टेकवली. पहिला बॉल गेला. दुसराही गेला. आमच्या मारुंजीवाल्याने टाळ्या वाजवल्या. तिसऱ्याला स्टिक त्या गुळगुळीत कातडीवरून घसरली आणि सफेद बॉल नुसता हलला. त्यानंतर ती घसरतच राहिली. प्रत्येक वेळी तो हात उचलायचा, पँटला पुसायचा, परत ठेवायचा. समोरच्या पोराने डाव संपवला आणि हात मिळवायला पुढे केला. मित्राने उजवा हात दिला, नीट हसून.

दोन-दोन झालं. जोडीच्या डावात दोघांनी आळीपाळीने मारायचं असतं. अपघाताआधी जोडीला नेहमी आम्ही दोघंच असायचो. भाई म्हणाले, "जोडी कुणाची, तुम्हीच ठरवा."

"आमचीच," तो म्हणाला.

तो तोंड धुवायला गेला, म्हणून मीही मागे गेलो. बेसिनच्या नळाखाली त्याने डावा हात धरला होता. खूप वेळ.

"दुखतोय?" मी विचारलं.

"नसलेली बोटंच जास्त दुखतेत." मग आरशातूनच माझ्याकडं बघून म्हणाला, "बटण बांधताना मी बघितलं होतं तुला."

मी दार लोटून घेतलं.

"मीबी काय बोललो न्हाई तवा. पीस वाढायले होते, मलाबी बरं वाटायलं होतं. त्याचा राग न्हाई मला." त्याने नळ बंद केला. "तू नंतर टेप काढलीस, त्याचा हाय. मी टेम्पोत होतो आन् तू टेप काढत होतास. माझी बायको मला बेध्यान म्हणती. लेकीला सांगती, बापासारखी करू नको."

"सुपरवायझरनी सांगितलं होतं रे."

"ठावं हाय मला." तो वळला. "खरं लिहून देशील का?"

"देतो," मी म्हणालो.

आम्ही परत टेबलाशी गेलो. तो डाव मला एकेका फटक्यासकट आठवतो. माझ्या प्रत्येक फटक्याला मी सफेद बॉल त्याच्या जवळ, कडेला आणून ठेवायचा प्रयत्न करत होतो, म्हणजे त्याला हाताऐवजी टेबलाच्या काठावरूनच स्टिक सरकवता येईल. त्याच्या ते लक्षात आलं. काठावरून त्याची स्टिक घसरत नव्हती. एकेक करत आमच्या वाट्याचे सगळे बॉल गेले आणि आम्हाला फक्त शेवटचा काळा उरला. तो गेला की फायनल. पाळी माझी होती. काळा कोपऱ्याच्या पॉकेटापासून वीतभर अंतरावर, अगदी सरळ. पार्लरमध्ये नवखी पोरंसुद्धा तो घालतात.

मी वाकलो आणि माझ्याच डाव्या हाताची पाच बोटं मला कापडावर दिसली. मी मारला. काळा पॉकेटाच्या कडेला आपटून मागे फिरला. समोरच्या दोघांनी आळीपाळीने त्यांचे उरलेले दोन बॉल घातले, मग काळा. संपलं.

भाई माझ्या पाठीवर हात ठेवून खाली गाडीकडं गेले. मित्राने स्टिक पिशवीत घातली. मला म्हणाला, "उद्या कंपनीत भेटू." सोमवारपासून त्याला गेटवर नोंदी करायचं काम दिलं होतं.

सोमवारी मी गेटमधून आत गेलो. त्याने माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली. म्हणजे, आज नाही, पण देतो. मंगळवारीही तसंच. आधी मोठ्या ऑर्डरचं कारण होतं, मग माझी पोरगी आजारी होती, मग सुपरवायझर रजेवर होते. महिनाभराने त्याने माझ्याकडं बघणं सोडलं. आणखी दोन महिन्यांनी तो बायको-मुलीला घेऊन गावी गेला. मला सुरक्षारक्षकाकडून कळलं.

मी लिहून दिलं, पण ती नोकरी सोडून दुसरीकडे लागल्यावर, म्हणजे मला काही धोका उरला नव्हता तेव्हा. कामगारांचे खटले चालवणाऱ्या एका वकिलाला तो कागद दाखवला. त्यांनी दोनदा वाचला, कंपनीकडे चौकशी केली आणि म्हणाले, "तुमच्या मित्राने जाताना सगळं मिटल्याचं लिहून दिलंय. आता याचा उपयोग फार नाही. त्यांना हवं असेल तर बघू."

त्या संध्याकाळी मी त्याला फोन केला. पाठीमागे म्हशीचं हंबरणं ऐकू येत होतं. मी सगळं सांगितलं. टेपचं, थिनरचं, सहीचं, कागदात काय लिहिलंय ते.

"हिला ऐकव की हे," तो म्हणाला आणि फोन बायकोला दिला. मला तिला परत पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं. मी थांबलो तेव्हा तिने विचारलं, "तवा का न्हाई सांगितलंत, भाऊजी? मी केळी सोलून दिलती तुमाला."

फोन परत त्याच्याकडं गेला.

"बरं केलंस," तो म्हणाला. "पण परत फोन नको करू."