मिरजगावच्या अलीकडचा चढ आणि आमचा लिलावातला ट्रक

माझा भाऊ शांतवन मिरजगावजवळ माझ्या माहेरच्या गावी राहायचा. बहात्तरच्या दुष्काळात त्याची बैलजोडी जनावरांच्या छावणीत होती. "छावणीतला चारा संपत आलाय, दोन दिवसांत काही आलं नाही तर बैल बसतील," असा त्याचा निरोप माझ्या सासरी श्रीरामपूरला आला. आमच्याकडे कालव्याचं पाणी होतं, ऊस होता. योहान, म्हणजे माझे यजमान, उसाचं वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करायला लागले आणि मी सरळ म्हणाले, "मीपण येणार." लग्नाला चार महिनेही झाले नव्हते. सासूबाईंनी दोघांकडे पाहिलं, दारात उभं राहून प्रार्थना केली आणि भाकऱ्या बांधून दिल्या.

ट्रक सासऱ्यांनी लष्कराच्या लिलावात घेतलेला, महायुद्धातला. दारं पत्र्याची, खिडकीला काच नाही. त्याचा हँडब्रेक चाकांना नव्हता. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा जो लांब दांडा असतो, त्याला होता. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पुढे जे झालं ते त्याच्यामुळेच.

राहुरीला चहा घेतला, नगरला टाकीत पेट्रोल भरलं. तोवर रस्ता बरा होता. आता तुम्ही गाडीनं जाल तर नगरहून मिरजगाव जवळच वाटेल. तेव्हा एकेरी डांबर, कडेला खडी आणि समोरून एस.टी. आली की एक चाक मातीत उतरवायचं. नगर सोडलं तसा हिरवा रंगच संपला. बाभळीसुद्धा राखाडी दिसत होत्या. रस्त्याकडेला खडी फोडणाऱ्या बाया हिरव्या वाढ्यानं भरलेल्या आमच्या ट्रककडे मान वळवून बघायच्या, आणि मला उगाच चोरट्यासारखं व्हायचं.

थोडं पुढे गेल्यावर मागून घरघर ऐकू यायला लागली. योहाननी ट्रक थांबवला, खाली जाऊन मागच्या अॅक्सलच्या मधल्या फुगीर भागाचं बूच काढलं आणि आत बोट घातलं. बोटावरचं काळं तेल उन्हात चमकत होतं. त्यात लोखंडाचा चुरा होता.

"डिफरन्शियलचे दात चाललेत," ते म्हणाले. "इंजिनाची ताकद चाकाला देणारे दोन गिअर असतात आत. क्राऊन आन पिनियन. तेच एकमेकाला खातायत."

"मग परत नगरला?"

ते वाढ्याच्या भाऱ्यांकडे बघत राहिले. "हळूहळू नेतो. न्यायलाच पायजे."

मिरजगावच्या अलीकडे एक ओढा होता. त्यावर बिनकठड्याची फरशी, म्हणजे ठेंगणा पूल, आणि फरशी ओलांडली की लगेच वळणाचा चढ. अर्ध्या चढावर मागून तोफेसारखा आवाज झाला. इंजिन मोकळंच किंचाळलं आणि ट्रक जागच्या जागी थबकला. मग मागे सरकायला लागला.

योहाननी हँडब्रेक ओढला. काहीच झालं नाही. दांडा आणि चाकं यांना जोडणारे गिअरच तुटले होते. हँडब्रेक धरणार कुणाला? ते दोन्ही पायांनी ब्रेकवर उभे राहिले.

"रूथ, उडी मार! दगड! मागच्या चाकाला दगड लाव!"

साडी गुडघ्यापर्यंत खोचून मी उडी मारली. पहिला दगड चाकाखाली फुटला. दुसरा काळा, जड. तो दोन्ही हातांनी लोटत नेला. चाक त्यावर चढलं, अडलं, राहिलं. फरशी मागे दहा-बारा पावलांवर होती.

एका सायकलवाल्याबरोबर छावणीत निरोप धाडला. दुपारपर्यंत शांतवन वीस-पंचवीस माणसं घेऊन आला. भारे डोक्यावर घेऊन लोक चढ चढायला लागले. "बैल आनले असते दाजी," शांतवन योहानना म्हणाला, "पर जू वढायची ताकद न्हाई ऱ्हायली त्यांच्यात." निदान बैलांच्या तोंडी चारा पडणार होता. मी पहिल्यांदा पाणी प्यायले.

योहान मिळेल त्या गाडीनं काष्टीला गेले. तिथे इब्राहिमभाई म्हणून मिस्त्री होते. त्यांच्या अंगणात याच जातीचा एक ट्रक मोडून ठेवला होता. मी शांतवनच्या घरी राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि शांतवन चढावर गेलो तोवर योहान आणि इब्राहिमभाई एका जीपमध्ये क्राऊन-पिनियनची जोडी घालून घेऊन आलेसुद्धा. हे दोन गिअर जोडीनंच बदलायचे असतात. एक नवा, एक जुना चालत नाही.

इब्राहिमभाईंनी दगड बघितले, फरशी बघितली आणि तोंड वाकडं केलं. "मागे सोडून सपाटीवर घेऊ म्हणता? वळण हाय, कठडा न्हाई. हितंच खोलू. पर कुनीतरी ब्रेकवर बसलं पायजे. आन आमचं होईस्तवर उठायचं न्हाई."

शांतवन मागच्या दगडांपाशी लागणार होता. उरले मी.

योहाननी माझा पाय पेडलवर ठेवून दाखवला. "एवढंच. दाबून धर." मग ते आणि इब्राहिमभाई ट्रकखाली गेले. चाकांतून अॅक्सलचे लांब दांडे बाहेर आले. पान्यांचा आवाज, तेलाचा वास, तापलेला पत्रा. माझी पोटरी आखडायला लागली होती.

"सुटला! खाली घ्या, हळू!" योहानचा आवाज. डिफरन्शियलचा जड गोळा ते छातीवर तोलून उतरवत होते. तेवढ्यात ट्रक हलला. काळ्या दगडाची कड तुटली होती.

मी सगळं अंग पेडलवर टाकलं. ट्रक थांबला. पण पेडल तसंच राहीना. मऊ होऊन इंचाइंचानं खाली जात होतं. पाय उचलून परत दाबलं तर कदाचित धरलं असतं. पण उचलला त्या क्षणी ट्रक सुटला असता.

"पेडल खाली चाललंय!" मी ओरडले. "बाहेर या!"

इब्राहिमभाई लोळत बाहेर आले. योहान आले नाहीत. गोळा त्यांच्या छातीवर होता.

"दगड, शांतवन, दगड!" मी परत ओरडले.

मला आरशात काहीच दिसत नव्हतं. फक्त धावणारी पावलं ऐकू येत होती. माझा पाय जवळजवळ पत्र्याला टेकला होता. मी ओठ चावले, रक्ताची चव आली. मग मागून शांतवनची हाक, "बसला! दोन्ही चाकांना बसला! ताई, आता दाब सोडून परत मार!"

मी डोळे मिटून पाय उचलला. ट्रक हलला नाही. परत दाबलं, पेडल वर आलेलं होतं, घट्ट.

इब्राहिमभाईंनी योहानना पाय धरून ओढलं. सदरा छातीवर फाटला होता, कातडी सोलली होती. ते उठून बसले, बाहीनं तोंडावरचं तेल पुसलं. मग म्हणाले, "चला. बसवून घेऊ."

नवे दात बसवताना इब्राहिमभाईंनी त्यांना शेंदूर लावला, गिअर हातानं फिरवला, आणि दात कुठे टेकतात ते शेंदराच्या ठशावरून पाहिलं. आता चाकांच्या मागे-पुढे एवढे दगड रचले होते की ट्रक भिंतीत चिणल्यासारखा दिसत होता. तरी मी पेडलवरून उठले नाही. ऊन कलल्यावर ट्रक स्वतःच्या ताकदीनं चढ चढला. छावणीत थांबलो. शांतवनचे बैल उभे होते, वाढं चघळत.

परतीच्या वाटेवर राहुरीपाशी योहाननी विचारलं, "पाय दुखतोय?" मी नाही म्हटलं. तो पुढे आठवडाभर दुखत होता.

त्या भागात गेलात तर आता चढ सपाट केलाय, ओढ्यावर मोठा पूल आहे, कळणारही नाही. मी गेल्या वर्षी गाडी थांबवायला लावली तेव्हा नातू म्हणाला, "इथे काय आहे आजी?" खरंच काही नव्हतं. पण माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला गेला होता.

आणि आठवतं ते घरी पोचल्यावरचं. सासूबाईंनी फाटका सदरा पाहिला, छातीवरची सोललेली कातडी पाहिली आणि घाबरून विचारलं, "ट्रक सुटला हुता व्हय रं? कुनी धरला?"

योहान घरात माझ्याशी कधी सगळ्यांदेखत बोलत नसत. त्या दिवशी आईसमोर उंबऱ्यातच त्यांनी माझा हात धरला.

"रूथनं," ते म्हणाले. "ट्रक न्हाई आई, मला."