जुन्या ट्रकचं नवं स्टेअरिंग

२९ सप्टेंबर २०२५ रोजी बाळासोनं उद्यमनगरातल्या एका दुकानात दोन हजार तीनशे चाळीस रुपये मोजले आणि आपल्या अठ्ठावीस वर्षांच्या ट्रकला नव्या गाडीचं लहान, झोकदार स्टेअरिंग बसवून घेतलं. आतल्या दांड्याशी दाते जुळेनात, म्हणून मध्ये बूश, म्हणजे लोखंडी कडं, घालावं लागलं.

कारण साधं होतं. खंडेनवमी दोन दिवसांवर आली होती. त्या दिवशी, तो जिच्या विटा वाहायचा त्या वीटभट्टीच्या आवारात सगळ्या गाड्या धुऊन, हार घालून ओळीनं उभ्या राहतात आणि स्टेअरिंगला हळदकुंकू लागतं. गेल्या वर्षी हमालांचा मुकादम ज्ञानू तिथंच म्हणाला होता, "बाळासो, स्टेरिंग हाय का रहाटाचं चाक? पाणी किती खोल हाय तेवढं सांगा." सगळे हसले, बाळासोही हसला. पण ते वाक्य वर्षभर त्याच्या मनात सलत राहिलं.

यंदा ज्ञानू म्हणाला, "आता कसं, नवरदेव दिसतायसा." बाळासो दिवसभर मिशीतल्या मिशीत हसत होता.

आपण काय केलंय हे त्याला कळत नव्हतं, असं नाही. त्याच्या ट्रकला पॉवर स्टेअरिंग नाही. चाक मोठं असलं की हाताला जोर मिळतो, लहान असलं की तेच वळण जड होतं. रिकाम्या गाडीत, सपाट रस्त्यावर भागून गेलं. दसऱ्यानंतर पन्हाळ्याची पहिली खेप निघाली, विटांनी भरून.

हमाल मागं हौद्यात बसले. त्यांच्यातल्या तानाबाईचा गुडघा धरला होता, म्हणून ती पुढं केबिनमध्ये बसली. चढावरच्या डाव्या वळणावर बाळासोनं स्टेअरिंग ओढलं आणि ते अर्ध्यावरच अडलं. गाडीचं तोंड कठड्याकडे वळलेलं, मागं एस.टी.चा हॉर्न.

"दादा, थांबा," म्हणत तानाबाईनं दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरलं, पाय रोवले आणि ओढलं. दोघांच्या जोरानं कशीबशी गाडी वळली.

"आमची म्हस बी एवढी आडत न्हाय," ती धापा टाकत म्हणाली. "जुनं चाक काय वाईट हुतं?"

बाळासोनं गिअर टाकला.

वर ज्ञानू मोटारसायकलवरून आधीच पोचला होता. "एवढा येळ? नवरदेवाला स्टेरिंग फिरंना का काय?"

चारजण ऐकत होते. बाळासोच्या तोंडून निघून गेलं, "तानाबाईला गाडी लागली. दोनदा थांबाय लागलं."

तानाबाई केबिनमधून उतरत होती. तिनं त्याच्याकडं एकदा पाहिलं, पदर खोचला आणि विटांकडं गेली.

"आधी सांगायचं न्हाय व्हय, बाई?" ज्ञानू म्हणाला. "उद्यापासनं घाटाला तुझ्या जागी भट्टीवरची सौंदर्या यील. तू भट्टीवर थांब."

घाटाच्या खेपेला दीडशे रुपये जादा मिळत. हे बाळासोला ठाऊक होतं. एक वाक्य बोलला असता तर भागलं असतं. तो हौद्याच्या मागच्या फाळक्याची कडी काढण्यात गुंतल्यासारखा उभा राहिला.

दुसऱ्याच दिवशी त्यानं जुनं स्टेअरिंग परत चढवलं. ज्ञानूनं विचारलं, तेव्हा म्हणाला, "नव्याचं बूश ढिलं झालं." ज्या दुकानदारानं काम चोख केलं होतं, त्याच्या नावानं हे दुसरं खोटं झालं.

पन्हाळ्याच्या आणखी चार खेपा झाल्या. केबिनमध्ये सौंदर्या बसायची. शेवटच्या खेपेनंतर बाळासो सहाशे रुपये घेऊन तानाबाईच्या दारात गेला. ती भाकरी थापत होती.

"पैसं नकोत, दादा," ती मागं न बघता म्हणाली. "ज्ञानूला सांगा, मला गाडी लागत न्हाय."

"सांगतो की."

"कवा?"

तो नोटा परत खिशात घालून वळला. मग चपला घालून निघाला. त्यानंतर ज्ञानू त्याला रोज भेटला, रोज चहाही झाला. सांगायचं मात्र राहून गेलं.

तानाबाईचे सहाशे रुपये बाळासोकडे अजून आहेत.