बर्फातलं नाटक

"बर्फातलं."

एवढंच म्हणायची ती. नाटक चालू असताना, मागच्या रांगेतून, आवाज लहान करायचा काही प्रयत्न न करता. म्हणून झालं की पायांमधली रिकामी पाटी थोडी आत ओढायची आणि पुन्हा समोर बघायला लागायची. उठून मात्र कधी गेली नाही. नाटक कितीही वाईट असो, शेवटचा पडदा पडेपर्यंत ती जागची हलायची नाही. समीक्षक म्हणवणारा मी तोवर दोनदा चहाला बाहेर जाऊन आलेला असायचो.

आमचा पालघर जिल्हा नवा झाला, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. डहाणूत एका शाळेच्या सभागृहात मुंबईची मंडळी कौटुंबिक नाटक घेऊन आली होती. मी तेव्हा शाळेत मराठी शिकवत होतो आणि इथल्या एका साप्ताहिकात नाटक-गाण्यांवर सदर लिहीत होतो. लहान गावात समीक्षक असणं म्हणजे काय, हे तुमच्यापैकी कोणी केलं असेल तर ठाऊक असेल. आयोजक ओळखीचे, नटांपैकी दोघे माजी विद्यार्थी, तबलजी आपल्याच आळीतला. लिहिणार काय? 'नेपथ्य साजेसे, प्रकाशयोजना अनुरूप, कलाकारांनी भूमिकांना न्याय दिला.' ही तीन वाक्यं मी इतकी वर्षं फिरवून फिरवून लिहिली होती, की छापखान्यातल्या माणसाने ती वेगळी साठवून ठेवली असती तरी चाललं असतं. मला स्वतःलाच माझ्या सदराचा कंटाळा आला होता. पण पहिल्या रांगेतली राखीव खुर्ची सोडवत नव्हती.

त्या दिवशी मला उशीर झाला म्हणून मागे बसावं लागलं. रंगमंचावर आई रडते तो प्रवेश आला. सभागृहात रुमाल निघाले, माझेही डोळे थोडे ओले झाले, आणि तेवढ्यात पाठीमागून तो शब्द आला. वळून पाहिलं तर पन्नाशीची कोळीण. मासळीच्या वासामुळे तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या लोकांनी मोकळ्या सोडल्या होत्या, आणि तिला त्याचं काहीच वाटत नव्हतं. ऐसपैस बसली होती.

मध्यंतरात मी विचारलं, "मावशी, बर्फातलं म्हणजे काय?"

"मासळी घेता की नाय तुम्ही?"

"घेतो की."

"मग? सकाळच्या होडीची वेगळी, बर्फातली वेगळी. बर्फातली दिसते चांगली, चमकते पण. तोंडात घातली की कळतं." मग रंगमंचाकडे मान उडवून म्हणाली, "ती बाई बघा, बरोबर टायमाला रडली. काल पण तिथेच रडली असणार. खरं रडू असं सांगून येतं काय?"

 मी घरी जाऊन ते वाक्य 'बर्फातलं' या शब्दासकट वहीत उतरवून ठेवलं आणि त्याच आठवड्याच्या सदरात छापलं. माझं म्हणून.

ती शेजारच्या धाकट्या डहाणू गावची. सकाळी बाजारात ताजी मासळी विकायची आणि आठवड्यातून एकदा सुके बोंबील घेऊन तलासरीच्या बाजाराला जायची. नाटक, भजन, शाळेचं स्नेहसंमेलन, काही असलं की पाटी रिकामी करून हजर. मी तिच्याकडे मासळी घ्यायला जाऊ लागलो. बायको म्हणायची, "लिहिता नाटकांवर आणि आणता बोंबील. मागचे अजून डब्यात आहेत." तिला काय सांगणार, की बोंबील हे निमित्त होतं.

वाणगावच्या भजन स्पर्धेत ज्या मंडळाला पहिला नंबर मिळाला, त्याच्याबद्दल ती म्हणाली, "चार वल्ही चार बाजूला. पेटीवाला कोणाला पुढे जाऊच देत नव्हता." एका नावाजलेल्या गवयाबद्दल म्हणाली, "त्याला त्याचा आवाज लय आवडतो. गाणं राहिलं बाजूला, तो आवाजच ऐकत बसला." मी कागदाची पुडी हातात धरून उभा असायचो आणि मनात वाक्य घोकत घरी यायचो.

तलासरीला एकदा मोठा सरकारी कार्यक्रम होता. पाहुणे, मांडव, लाउडस्पीकर, आणि शेवटी तारपा नाच. मी 'आदिवासी कलेचे विलोभनीय दर्शन' असं डोक्यात लिहूनही टाकलं होतं. परतीच्या एसटीत ती भेटली. बाजार आटोपून तीही मांडवाच्या कडेला उभी राहून बघत होती म्हणे.

"नाच बघितला मास्तर?"

"बघितला. चांगला होता."

"काय चांगला? पाड्यावर बघितलाय कधी? तारपावाल्याला कोणी पाठ दाखवत नाय. तो मध्ये वाजवतो, सगळे त्याच्याकडे बघून फिरतात. इथे पाहुण्यांकडे तोंडं करून उभे केले. वाजवणारा मागे एकटाच फुंकत होता बिचारा." ती खिडकीबाहेर बघायला लागली. मग म्हणाली, "मला त्याचंच वाईट वाटलं."

मी दहा वेळा तारपा पाहिला होता. हे मला कधी दिसलं नव्हतं.

तेच मी लिहून दिलं, आणि तो लेख गाजला. संपादक म्हणाले, "मास्तर, लेखणीला धार आली तुमच्या." पत्रं आली, कुठल्याशा संस्थेने शाल दिली. मी मान खाली घालून घेतली. तिचा उल्लेख करावा असं दोन-तीनदा मनात आलं, खोटं कशाला सांगू. पण समीक्षा मासळीबाजारातून आणतो असं कुठल्या तोंडाने लिहायचं? 'मासळी' शब्द काढून टाकला तरी 'आणतो' राहिलाच असता. म्हणून राहून गेलं.

एक दिवस तीच म्हणाली, "दुसऱ्यांचं बघता, आमचं पण बघा एकदा."

चैत्रात गावदेवीच्या जत्रेला त्यांच्या गावची माणसं नाटक करायची. तालीम तिच्या अंगणात. दिवसा तिथे बांबूंवर टांगलेले बोंबील वाळत, संध्याकाळी बांबू बाजूला सारले की नाटक. तिचा नवरा होता तोवर नायकाचं काम त्याचंच असे. तो गेल्यावर धाकटा दीर नाटक बसवू लागला, पण तालमीची जागा बदलली नाही. तिला अक्षरओळख नव्हती. तरी तीस वर्षं कानावर पडून पडून सगळी नाटकं तिला तोंडपाठ. प्रयोगाला विंगेत नारळाच्या झापांच्या आडोशाला बसून ती नटांना वाक्यं सांगायची. हातात वही नसलेला दुसरा प्रॉम्प्टर मी तरी पाहिलेला नाही.

त्या अंगणात मी एकदा तालीम बघायला गेलो होतो. वीस-बावीस माणसं, पोरं, कुत्री, आणि मध्ये ती चहाचं पातेलं घेऊन. मला म्हणाली, "पोरी लग्न होऊन गेल्या. घरात मी एकटी. हे दोन महिने दारात माणसं येतात ना, तेवढ्यासाठी अंगण सारवते. नायतर कोणासाठी सारवायचं?"

आता चूक सांगतो.

तिसऱ्या वर्षी जत्रेला त्यांनी तेच नाटक केलं जे आदल्या दोन वर्षी केलं होतं. दिराला त्यात टाळ्या मिळत, म्हणून तो सोडेना. दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात ती उदास दिसली. गिऱ्हाईक नव्हतं. खाली बघतच म्हणाली, "मास्तर, आमचंच बर्फातलं झालं. दिराला कसं सांगू? वाईट वाटेल त्याला."

घरातलं दुखणं सांगावं तसं तिने मला सांगितलं होतं. त्याच दुपारी मला सदर द्यायचं होतं. परीक्षेचे गठ्ठे तपासून डोळे शिणले होते, डोक्यात काही नव्हतं. होता तो एक शब्द. तो मी घातला. संपादकांना इतका आवडला की त्यांनी मथळाच केला: 'धाकट्या डहाणूचे बर्फातले नाटक'.

शहरात बसून नाटकाला बर्फातलं म्हणणं वेगळं. मासळी विकून जगणाऱ्या गावाच्या नावापुढे तो शब्द छापणं काय असतं, हे मला शनिवारी बाजारात कळलं. रोजची गिऱ्हाइकं कोळणींची थट्टा करत होती. "काय गं, नाटकासारखंच बर्फातलं नाही ना?" एक बाई पाटीतला मासा उलटसुलट करून हसत निघून गेली. गावच्या सगळ्या बायकांची तोंडं उतरली होती. ती आली नव्हती.

तिच्या शेजारी बसणाऱ्या बाईने मला तोंडावर सांगितलं. "नाटकाला बर्फातलं बोलणारी आमच्या गावात एकच बाई हाय. आम्हाला कळत नाय काय? दिराने सांगितलं, तिच्या दारात पाय ठेवणार नाय. पुढच्या वर्षी तालीम शाळेच्या पडवीत, आणि वही वाचणारा माणूस बघितलाय."

संध्याकाळी मी तिच्या घरी गेलो. ती ओट्यावर बसून सुकट निवडत होती. बसा म्हणाली नाही. मी उभ्यानेच म्हणालो, "मावशी, चुकलो. माझ्या लक्षातच आलं नाही."

"मी तुम्हाला बोलले होते. पेपरला नव्हते बोलले."

"हो."

"आतापर्यंत पण माझंच लिहीत होता. भाचा वाचून दाखवायचा. मी बोलले नाय काय. म्हटलं, लिहू देत, बोललेलं वाया तरी जात नाय." सुपातला कचरा तिने फुंकून टाकला. "माझं मला राहू दे. पण तालीम गेली ना मास्तर."

 एवढे दिवस तिला हे सगळं माहीत होतं आणि तरी ती रोज मला नवीन काही सांगत होती. 

रात्रभर विचार करून मी दुरुस्ती लिहिली. 'हा शब्दप्रयोग सर्वस्वी माझा आहे. गेली काही वर्षे या सदरात मी तो वापरत आलो आहे. तो मला कोणीही सुचवलेला नाही. धाकट्या डहाणूच्या रंगकर्मींची आणि मासळी विकणाऱ्या भगिनींची मी क्षमा मागतो.' तुम्ही म्हणाल, बरं केलं. तिला वाचवायला दुसरा मार्ग नव्हता, हे खरंच आहे. पण तो मजकूर लिहिताना मला एक सुटकाही वाटली, हे तुम्हाला सांगायला हवं. इतक्या वर्षांची उचलेगिरी माझ्याच सहीने माझी झाली होती.

छापलेल्यावर माणसं विश्वास ठेवतात. दीर अंक घेऊन तिच्या दारात गेला आणि म्हणाला, "वहिनी, मास्तरांनी स्वतः लिहिलंय, उगाच तुझ्यावर आळ घेतला." पुढच्या वर्षी तालीम तिच्या अंगणात झाली. नाटकही नवीन घेतलं. मी मुद्दाम गेलो. नट अडखळत होते, एकाची मिशी सुटली, पण अंगावर काटा आणणारा प्रयोग होता. संपल्या संपल्या मी विंगेत धावलो. ती बसकण गुंडाळत होती.

"मावशी, कसं झालं?"

"छान झालं, मास्तर."

मी थांबलो. पुढचं काही आलं नाही. वाटलं, गडबडीत आहे.

मग भजन झालं, तेही छान. शाळेचं संमेलन छान. गुजरातहून आलेला वाद्यवृंद, जो ऐकून माझंच डोकं दुखलं होतं, तोही छान. मासळी ती चांगली निवडून द्यायची, घरच्यांची चौकशी करायची, हसायचीही. आमचं भांडण झालंय असं बघणाऱ्या कोणाला वाटलं नसतं. माझ्या सदरात मात्र प्रकाशयोजना पुन्हा अनुरूप होऊ लागली. वाचकांपैकी कोणाच्या ते लक्षात आलं का, माहीत नाही. काही महिन्यांनी मीच सदर बंद केलं.

पुढच्या पावसाळ्यात ती गेली. मी तेव्हा मुलीकडे होतो, आठ दिवसांनी कळलं. आमची शेवटची भेट होड्या बंद व्हायच्या आधीची, बाजारातलीच. आदल्या संध्याकाळी एका व्यावसायिक नाटकाचा प्रयोग झाला होता आणि ती नेहमीसारखी मागे बसलेली मला दिसली होती.

"मावशी, कालचं कसं वाटलं?"

"छान होतं."

"खरंच? मला तर बर्फातलं वाटलं."

तिने पाटीतलं पापलेट उचलून फळीवर ठेवलं. माझ्याकडे नीट पाहिलं. रागाने बोलली असती तर मला सोपं गेलं असतं. ती समजावल्यासारखं बोलली.

"तो शब्द तुमचा, मास्तर. कोणाकडून घेतला नाय असं तुम्हीच लिहिलंत, सगळ्या गावाने वाचलं. आता मी बोलले तर लोक बोलतील, मास्तरांचं उचललं." आणि कोयता हातात घेऊन तिने विचारलं, "कापून देऊ, का अख्खं नेता?"

"कापून द्या," मी म्हणालो.