पुढच्या रांगेतली भाची

माझ्या हातून झालेली चूक आधीच सांगून टाकतो. आखाजीसाठी, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणासाठी, हॉलंडहून आलेल्या माझ्या अकरा वर्षांच्या भाचीला मी पहिलीतल्या पोरांच्या रांगेत बसवलं, तेही सगळ्या सोसायटीसमोर. आणि वर तिच्या आईला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला म्हणालो, "हिला वर्षभर माझ्याकडे ठेव. माणसात आणतो."

"माणसात आणतो" हेच शब्द होते. लिहिताना अजून हात थांबतो.

आम्ही मूळचे पारोळ्याकडचे. वडील बमरोलीत पॉवरलूमवर कामाला लागले आणि आम्ही सुरतचे झालो. मी पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलच्या लॅबमध्ये शेड जुळवतो, म्हणजे व्यापाऱ्याने कापडाचा तुकडा आणला की तोच रंग आमच्या कापडावर उतरवून द्यायचा. घर गोडादऱ्यात. वडिलांची एक सवय मी अजून पाळतो. दिवेलागणीला ते आम्हा भावंडांना ओट्यावर बसवून परवचा म्हणवून घ्यायचे, बे एके बेपासून तिसापर्यंत. आता तोच परवचा माझ्या ओट्यावर होतो, सोसायटीतली पोरं येतात आणि त्यांच्या आयाही येऊन बसतात. लहानगी पुढच्या रांगेत, ज्यांचे पाढे पक्के ती मागच्या रांगेत. मागच्या रांगेत जाणं हा आमच्याकडे मान आहे. एखादं पोर मागे गेलं की त्याची आई पेढे वाटते.

माझी मुलगी आठ वर्षांची असतानाच मागच्या रांगेत गेली. शाळेत पहिली, क्लासमध्ये पहिली. तिला मी दुसरं काही करू दिलं नाही, हेही इथेच कबूल करतो. बक्षीस म्हणून घेतलेली सायकल जिन्याखाली प्लास्टिकमध्ये गुंडाळून उभी होती, कारण रस्त्यावर ट्रॅफिक फार. स्वयंपाकघरात तिला मज्जाव, कारण अभ्यास राहतो. बायको टोमणा मारायची, "तुमची हुशार लेक कुकरची शिट्टी झाली तर बाहेर पळते, साहेब." मी हसण्यावारी न्यायचो.

बहिणीचा नवरा आधी हजीऱ्याला वेल्डर होता. तिथून त्याला हॉलंडच्या एका जहाजाच्या कारखान्यात काम मिळालं आणि भाची तिकडेच जन्मली. पण बहीण घरात तिच्याशी अहिराणीतच बोलली, दुसरी भाषा तिला मनापासून येतच नव्हती. त्यामुळे भाची दारात उतरली आणि माझ्या बायकोला म्हणाली, "मामी, माले भूक लागनी," तेव्हा शेजारच्या बायका गोळा झाल्या.

"बोल ना माय, आखो बोल!"

"काय बोलू?"

"काहीबी बोल. इले ते आपलापेक्षा चांगली अहिरानी येस वं!"

आमच्या पोरांना अहिराणी समजते, पण उत्तर गुजरातीत येतं. माझ्या मुलीने तर आत्याला पहिल्याच दिवशी "शुं?" असं विचारलं होतं. दोन दिवस भाची या ओट्यावरून त्या ओट्यावर मिरवत होती. गच्चीवर बायका बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालत होत्या, तिथे ओल्या कपड्यावर थापायला बसली. तिचा बिबडा हॉलंडच्या नकाशासारखा झाला, असं तीच म्हणाली. सगळ्या हसल्या आणि तो सगळ्यात आधी तळून खाल्ला.

तिसऱ्या दिवशी मी तिला परवच्याला बसवलं. मागच्या रांगेत, माझ्या मुलीशेजारी. पोरं घडाघडा म्हणत होती, हिचे ओठ हलत नव्हते. मी थांबवून विचारलं, "सतरा साती?"

तिने वर पाहिलं. ओठ हलू लागले, भाषा तिकडची. बोटांनी हवेत काहीतरी मांडलं, पुसलं. पोरं खुसखुसायला लागली. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "हंड्रेड नाइन्टीन."

उत्तर बरोबर होतं. दहा सातीचे सत्तर, सात सातीचे एकोणपन्नास, अशी बेरीज तिने मनात केली होती, हे तिच्या हवेतल्या बोटांवरून मला समजलंही होतं. तरी मी म्हणालो, "हे मोजणं झालं. पाढा कुठाय?" मग नऊचा विचारला, तिथेही ती मोजू लागली. मी म्हणालो, "पुढे जाऊन बस. इथून सुरुवात करू."

ती उठली. मागच्या रांगेतून पुढे यायला चार पावलं लागत असतील, पण तेवढ्यात ओट्यावरच्या सगळ्या आयांनी तिच्याकडे पाहिलं. एक सहा वर्षांचं पोर तिला जागा देत म्हणालं, "दीदी, मी शिकवीन तुला."

आमच्याकडे मामाने भाचीला पायाही पडू द्यायचं नाही, इतका तिचा मान. आणि मी हे केलं.

का केलं, हे मी नंतर स्वतःला पुष्कळ विचारलं. बहिणीचं घर, गाडी, फोनवर दिसणारी फुलं, यातलं काही माझ्याकडे नव्हतं. माझ्याकडे पाढे होते. त्या संध्याकाळी मला कुठेतरी बरं वाटलं. हेच सगळ्यात वाईट.

जेवताना मी वर्षभराची गोष्ट काढली. बहिणीने भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "भाऊ, तुले वाटस ना, मंग ऱ्हाऊ दे तिले," ती एवढंच म्हणाली.

तिचा माझ्यावर एवढा विश्वास का, तेही सांगायला हवं. लहानपणी घरात साड्यांचे गठ्ठे यायचे, लोंबणारे धागे कापून परत द्यायचे. ते काम आईचं आणि बहिणीचं होतं. मला वडील म्हणायचे, तू वाच. सातवीनंतर तिची शाळा सुटली. घरात ठरूनच गेलं की भाऊ हुशार आणि ही साधी. धागे कापत बसलेल्या मुलीला हुशार व्हायला वेळ कधी मिळाला, हे आमच्यापैकी कोणी विचारलं नाही. तिनेही नाही. म्हणून पोरीच्या बाबतीत माझा शब्द तिला शेवटचा वाटला. दुसऱ्या दिवशी मी ओळखीच्या एका शाळेत जागेची चौकशी करून आलो. परतीच्या तिकिटावरून भाचीचं नाव तेवढं काढायचं राहिलं होतं.

भाची मात्र बोलायची बंद झाली. बायका म्हणायच्या, "बोल ना माय," ती मान हलवायची. संध्याकाळी न बोलावता पुढच्या रांगेत जाऊन बसायची. एकदा मी चपला घालत असताना ती दारात येऊन उभी राहिली.

"मामा, माले आठेच ऱ्हावानं शे का?"

"वर्षभर फक्त. मग बघ कशी हुशार होतेस."

"आते मी हुशार नही शे का?"

"अजून नाही," मी म्हणालो आणि गाडीला किक मारली.

पुढे जे झालं ते मला माहीत नव्हतं. बायकोला माहीत होतं. दुपारी मी मिलमध्ये असताना भाचीने जिन्याखालची सायकल उघडली होती. हॉलंडमध्ये ती रोज एकटी सायकलवरून शाळेत जाते. रस्त्याचे नियम, वळताना हात कसा दाखवायचा, याची तिकडे शाळेतच परीक्षा होते. अंगातल्या कपड्यांसकट पोहायची परीक्षाही तिने दिली होती, कारण तिकडे जागोजागी पाणी, आणि पाण्यात पडणारं पोर कपडे काढून पडत नाही. हे सगळं तिने माझ्या मुलीला सांगितलं होतं. मला सांगितलं नव्हतं, कारण मी पाढ्यांशिवाय काही विचारलंच नव्हतं.

एक दिवस मिलचा बॉयलर बिघडला आणि मी दुपारीच निघालो. गोडादऱ्याच्या वळणाशी आलो तर समोर आमची सायकल. भाची चालवतेय, मागे कॅरिअरवर माझी मुलगी. ओरडणारच होतो, पण रस्त्याच्या पलीकडे होतो.

भाचीला उजवीकडे वळायचं होतं. तिने शाळेत शिकवल्याप्रमाणे मागे पाहिलं, हात खांद्याच्या रेषेत ताठ बाहेर काढला. तो हात बघून लगेच एक शेअर रिक्षा तिच्या शेजारी थांबली. "चलो लिंबायत, लिंबायत!"

भाचीने हात आत घेतला. रिक्षा गेली. तिने परत हात काढला. दुसरी रिक्षा थांबली. "दोनों हो? आ जाओ, बैठो!"

"मी वळी ऱ्हायनू!" भाची रडवेली होऊन ओरडली.

कॅरिअरवरून माझी मुलगी, कुकरला घाबरणारी माझी मुलगी, गरजली, "भाई, जाओ ने! ए तो वळे छे!" आणि रिक्षावाला हसत हसत गेला.

मग त्या दोघी उतरल्या. रस्ता ओलांडायचे पांढरे पट्टे होते तिथे भाची सायकल धरून उभी राहिली. कोणी थांबेल म्हणून वाट पाहत होती. सुरतेत कोण थांबतं? टेम्पो गेले, मोटारसायकली गेल्या. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. जे तिला येत होतं ते इथे चालत नव्हतं, आणि का चालत नाही ते तिला कळत नव्हतं.

तो चेहरा मी ओळखला. मी नऊ वर्षांचा असताना गावाहून सुरतेत आलो. शाळेत मास्तरांनी काहीतरी विचारलं. मी अहिराणीत उत्तर दिलं. वर्ग हसला, आणि मास्तरांनी मला दोन इयत्ता खालच्या वर्गात नेऊन बसवलं. गावाकडे मी बैल पाण्यावर न्यायचो, पाऊलवाट न चुकता मामाच्या गावी जायचो. त्या वर्गात यातलं काहीच मोजलं जात नव्हतं. वडिलांनी रोज परवचा म्हणवून घेतला, म्हणून मी वर आलो. पाढ्यांवर माझं प्रेम आहे ते त्यामुळे. पण ज्या दोरीने मला वर काढलं, तिनेच मी भाचीला बांधत होतो.

आणि मी काम तरी काय करतो? रंग तोच, माप तेच, पण दुसऱ्या मिलच्या पाण्यात शेड वेगळी उतरते. नव्या पोरांना मी रोज सांगतो, रंगाला नावं ठेवायच्या आधी पाणी तपासा. रंगाच्या बाटल्यांबाबत हे कळायचं, भाचीबाबत कळलं नाही.

पलीकडे माझ्या मुलीने भाचीचा हात धरला, दुसरा हात पंजा उघडून रहदारीसमोर धरला आणि सरळ चालू लागली. टेम्पोने करकचून ब्रेक मारला. दोघी मला न बघताच सायकलसकट पार झाल्या. पुढच्या रिकाम्या प्लॉटवर अदलाबदल झाली. मुलगी सीटवर, भाची मागून धरून धावतेय. सायकल झोकांड्या खात गेली आणि भाचीने हात सोडला. मुलीला ते कळलंच नाही. कळलं तेव्हा ती किंचाळली, आनंदाने. ती किंकाळी तिच्या कुठल्याच निकालाच्या दिवशी मी ऐकली नव्हती.

मी ओरडलो नाही. गाडी वळवून दुसऱ्या रस्त्याने घरी गेलो.

बहीण गच्चीवर वाळलेले बिबडे डब्यात भरत होती. मी म्हणालो, "तिला घेऊन जा. माझं ऐकू नकोस."

"शाळा चांगली नही का?"

"शाळा चांगली आहे. पोरगीही चांगली आहे. मीच चुकीचं तपासलं."

तिने डब्याचं झाकण लावलं, परत काढलं. तिचे डोळे भरले होते, पण आवाज रागाचा होता. "इतलं सोपं व्हतं ते आधी काबर नही सांगं, भाऊ? पोरगी चार दिवसपासून धड जेवनी नही. आनि मी तुनाकडे पाहीसन गप बसनू." मग डबा बाजूला सारून म्हणाली, "माले नको सांगू. तिले सांग."

तिला एकटीला बाजूला घेऊन सांगणं सोपं होतं. तसं करावं असं मनात आलंही. पण तिला मी सगळ्यांसमोर पुढे बसवलं होतं.

दिवे लागले. पोरं ओट्यावर जमली, आयाही आल्या. भाची नेहमीप्रमाणे पुढच्या रांगेत येऊन बसली. माझी मुलगी मागच्या रांगेत होती, गुडघा खरचटलेला. मी खुर्चीवर बसलो नाही. पुढच्या रांगेत, सहा वर्षांच्या त्या पोराच्या आणि भाचीच्या मध्ये मांडी घालून बसलो.

पोर म्हणालं, "काका, तुमाला पण पाढे नाय येत?"

सगळे हसले. भाची हसली नाही. ती ओट्याच्या फरशीकडे बघत होती. मी तिच्याकडे वळलो. अहिराणी बोलणं मी त्या मास्तरांच्या वर्गातच सोडलं होतं. जीभ अडखळली.

"तू त्या दिवशी बरोबर सांगेल व्हतं, माय," मी म्हणालो. "उत्तर बरोबर व्हतं. तू तवाबी हुशार व्हती, आतेबी शे. तू तुनी मायसंगे घर जाई ऱ्हायनी. मी तुले सगळासमोर आठे बसाडं. मनं चुकनं. माले माफ कर."